पॅटर्नच्या खोलीतला ज्युदो : उद्यमबागेत जन्मलेल्या एका क्लबचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत, एका फाउंड्रीच्या आवारात सुरू झालेला ज्युदो क्लब आज एका मराठी शाळेच्या सभागृहात भरतो. कारखान्याशी त्याचं आता काही देणंघेणं नाही. मधल्या वर्षांत कारखान्याचे मालक बदलले, जागा गेली, शिकवणारे वस्ताद वारले, आणि सभासदांत दोन तट पडायची वेळ आली. यातल्या एकाच कारणाने बंद पडलेली कामगारांची भजनी मंडळं, नाट्यमंडळं, व्हॉलीबॉलचे संघ या भागात गावोगावी सापडतील. हा क्लब टिकला. तो कसा टिकला आणि टिकताना त्याच्या हातून काय निसटलं, हे नीट लिहून ठेवावं असं मला वाटतं. सभासदांच्या इच्छेवरून क्लबचं, कारखान्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही.

जागा आणि माणसं

खानापूर रोडवरची उद्यमबाग म्हणजे ओतकाम, मशिनिंग आणि हायड्रॉलिकची कामं. इथला कामगार मजगाव, अनगोळ, वडगाव, पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर या गावांतून सायकलवर यायचा. खानापूरकडचा रेल्वेने, आणि चंदगड तालुक्यातला एसटीने. म्हणजे एकाच साच्यापाशी उभे राहणारे दोघे वेगवेगळ्या राज्यांचे मतदार असायचे. मराठी, कन्नड आणि उर्दू, तिन्ही भाषा एकाच पाळीत चालायच्या.

क्लब सुरू केला तो कारखान्याच्या सुरक्षारक्षकांच्या प्रमुखाने. हे गृहस्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ज्युदो ते पलटणीत शिकले होते. आपल्याकडे हा खेळ बराचसा अशाच वाटेने पसरला. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात शिकवायला आले, ही त्याची मानाची सुरुवात. पण गावागावांत तो पोचवला तो लष्करातून आणि पोलिसांतून घरी परतलेल्यांनी. मालकांना हवालदारांनी सांगितलं, गेटवरच्या पोरांना चार डाव शिकवतो, काठी न उगारता माणूस धरता आला पाहिजे. मालकांनी होकार दिला. काही महिन्यांत गेटवरची पोरं मागे पडली आणि मोल्डिंगचे (साचे करणारे) आणि फेटलिंगचे (ओतीव तुकडे घासून साफ करणारे) कामगार पुढे आले. त्यांतले बरेच तालमीतले होते. म्हणून हवालदारांचं नाव आपोआप 'वस्ताद' पडलं.

जागा मिळाली ती पॅटर्नची जुनी खोली. ओतकामाचा साचा ज्यावरून उठवतात ते लाकडी नमुने तिथे ठेवलेले असत. धातूचे पॅटर्न आले आणि लाकडी नमुने हळूहळू मोडीत निघाले, तशी ती लांबट शेड रिकामी झाली. पॅटर्न शॉपच्या सुतारांनी जमिनीवर लाकडी चौकट ठोकली. चौकटीत भाताच्या तुसाने भरलेली पोती दाटून बसवली आणि वरून ताडपत्री ताणून कडेच्या खिळ्यांना दोरीने बांधली. ही पहिली मॅट. ज्याने तिच्यावर पडून पाहिलंय तो ती विसरत नाही. तूस सरकायचं. जिथे जास्त पडणं व्हायचं तिथे खळगा पडायचा, आणि पायाचं बोट ताडपत्रीच्या सुरकुतीत अडकलं की मुरगळायचंच. दर रविवारी ताडपत्री सोडून पोती परत सारखी करायची हा सरावाचाच भाग होता. धुळीने नाक भरायचं, पण फाउंड्रीतल्या माणसाला त्याचं काय.

अंगरख्यांची गोष्ट अशीच. तयार ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, परवडत नव्हती. शहापूरच्या एका शिंप्याकडून जाड दोसुती कापडाचे दुहेरी अंगरखे शिवून घेतले. पहिले सगळे काखेत फाटले, कारण शिंप्याने ते सदऱ्यासारखे बेतले होते. दुसऱ्या खेपेला त्याला खोलीत आणून एक पकड दाखवली: एक हात कॉलरला, एक बाहीला, आणि समोरचा पूर्ण वजनानिशी ओढतोय. मग त्याने काखेत चौकोनी ठिगळ घातलं, गळपट्टी चार पदरी केली आणि गुडघ्याला अस्तर लावलं. त्या खेपेचे काही अंगरखे अजून क्लबात आहेत.

पाळीने जोडलेल्या जोड्या

ज्युदो एकट्याने शिकता येत नाही. जो पडतो त्याचा पाडणाऱ्यावर विश्वास लागतो, आणि तो रोजच्या सहवासाने येतो. इथे तो सहवास कारखान्याच्या पाळीने ठरवून दिला. पहिली पाळी सुटली की सराव. पाळ्या आठवड्याला फिरायच्या, म्हणून वस्ताद एकच धडा लागोपाठ दोन आठवडे दोन तुकड्यांना शिकवायचे. एका पाळीतले दोघे वर्षानुवर्षं एकमेकांचे जोडीदार राहायचे, वजनात थोडं कमीजास्त असलं तरी. साच्यात ओतायचं लोखंड दोघांनी मिळून उचलायचं आणि संध्याकाळी एकमेकांना आपटायचं. जुने सभासद आजही माणसाची ओळख सांगताना 'तो माझ्या पाळीतला' म्हणतात.

सुरुवातीचे आठवडे फक्त पडणं. मागे, कुशीवर, पुढे लोळण घेऊन. हनुवटी छातीला, आणि हाताचा पूर्ण तळवा एकदम मॅटवर. तालमीतून आलेल्यांना हे सोपं गेलं नाही. कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, त्यामुळे पाठीवर पडायला शिकवणारा खेळ त्यांच्या अंगात शिरेना. वस्तादांनी घाई केली नाही. फेटलिंगमधला एक कामगार मला म्हणाला, "घरात बायको इचारायची, काय करूलाय तुम्ही रोज संध्याकाळी? मी सांगायचो, पडूलालोय."

आणि तालमीची ताकद वाया गेली नाही. येळ्ळूर, कंग्राळी, कडोली या गावांत मैदानी कुस्ती घराघरांत आहे. धोबीपछाड मारणाऱ्याला खांद्यावरून फेकायचा 'सेओइ-नागे' समजावून सांगावा लागला नाही, फक्त लंगोटाऐवजी बाही धरायची सवय लावावी लागली. टांग मारणारा 'उचि-माता', म्हणजे समोरच्याच्या मांड्यांमध्ये पाय घालून उडवायचा डाव, लवकर उचलायचा. कलाजंग आणि 'काता-गुरुमा' यांची तर भावकीच आहे. दोन्हीत प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊनच टाकायचं असतं. पण या पोरांचं खरं हत्यार पट होतं. खाली बसून दोन्ही पाय कवळले की समोरचा शहरी ज्युदोपटू चक्रावून जायचा. बाहेरच्या स्पर्धांत क्लबचं नाव झालं ते पटावर.

२०१० मध्ये आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने थेट पायावर हात घालून केलेला हल्ला बाद ठरवला आणि २०१३ मध्ये उभ्या झुंजीत कमरेखालच्या पकडीवर पूर्ण बंदी आली. क्लबला हा फटका जबर बसला. दहा-दहा वर्षं घोटलेला डाव एका परिपत्रकाने गेला. काही चांगले मल्ल तेव्हाच मॅट सोडून मातीत परतले. वस्तादांनी नियमाविरुद्ध एक शब्द काढला नाही, पण पट शिकवणं त्यांनी बंदही केलं नाही. शनिवारी तासाच्या शेवटी ते पट घेऊन दाखवायचे आणि सांगायचे, हा स्पर्धेत चालत नाही, पण माणसाला आला पाहिजे. मला ही भूमिका बरोबर वाटते. स्पर्धेचे नियम पंचांसाठी आणि प्रेक्षकांसाठी बदलत राहतात. क्लबने ज्युदो संपूर्ण सांभाळावा.

दुखापत आणि दोन प्रकारचे कामगार

सगळंच गोड नव्हतं. एका वर्षी थोड्या दिवसांच्या अंतराने दोघांची गळ्याची हाडं मोडली. ज्युदोत ही दुखापत नेहमीची. पडताना हात पुढे टेकला किंवा खांद्याच्या टोकावर आदळला की हाड जातं. दोघांतला एक कायम कामगार, दुसरा ठेकेदाराकडचा. कायम कामगाराला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, दवाखाना होता आणि आजारपणाचा भत्ता होता. आजच्या नियमाने हा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ठेकेदाराने दुसऱ्याचं नाव ईएसआयला नोंदवलेलंच नव्हतं. हात गळ्यात बांधलेला, रोजंदारी बुडालेली, घरी दोन लहान मुलं.

तोवर मॅटवर सगळे सारखे आहेत असं सगळे मनापासून मानत होते. या प्रसंगाने खोलीतल्या प्रत्येकाला अस्वस्थ केलं. पुढच्या पगाराच्या दिवशी गेटबाहेर एक डबा फिरला. त्यातून मदत पेटी उभी राहिली. कुणाची नोंद आहे, कुणाची नाही, याची चौकशी सभासदच करायला लागले, आणि दुसऱ्याला पेटीतून रोजंदारीचा काही भाग मिळाला. व्यवस्थापन मात्र बिथरलं. आवारात मोडलेल्या हाडाची जबाबदारी आपल्यावर येईल या धास्तीने त्यांनी प्रत्येकाकडून लिहून घेतलं की सराव स्वतःच्या मर्जीने आणि कामाच्या वेळेबाहेर केला जातो. त्या कागदाचा तेव्हा सगळ्यांना राग आला. पण क्लब कारखान्याचा नसून सभासदांचा आहे, हे कारखान्यानेच पहिल्यांदा लेखी दिलं ते त्या कागदावर.

पावत्या

तुसाची मॅट टाकून फोमच्या मॅट घ्यायच्या ठरल्या तेव्हा मालकांनी काही पैसे दिले, बाकीचे सभासदांनी जमवायचे होते. पगारातून परस्पर कापून घ्या, अशी सूचना आली. अकाउंट्समधल्या एका कारकुनाने ती मोडून काढली. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगारातून काय कापता येतं ते ठरवून दिलंय, त्यात उगाच शिरू नका; रोख घ्या आणि प्रत्येकाला पावती द्या, असा त्यांचा हट्ट. पावतीपुस्तक त्यांनी स्वतः छापून आणलं, वर क्लबचं नाव. मॅटची बिलंही दोन केली: कंपनीच्या पैशाचं कंपनीच्या नावे, सभासदांच्या पैशाचं क्लबच्या नावे.

तेव्हा हा काटेकोरपणा अनेकांना खुपला. वस्तादांनाही. काही वर्षांनी कारखान्याची मालकी बदलली, नव्या व्यवस्थापनाला ती शेड मशीनसाठी हवी झाली आणि महिनाअखेर जागा खाली करा असा तोंडी निरोप आला. निरोपासोबत हेही सांगितलं गेलं की आतलं सगळं सामान कंपनीचं समजलं जाईल. कारकून तेव्हा निवृत्त झाले होते. सभासद त्यांच्या घरी गेले, त्यांनी माळ्यावरून पिशवी काढून दिली. आत प्रत्येक पावतीची स्थळप्रत आणि मॅटचं बिल. दुसऱ्या दिवशी ते टेबलावर ठेवल्यावर वाद तिथेच मिटला. कंपनीच्या पैशाच्या मॅट तिथेच ठेवल्या, क्लबच्या मॅट टेम्पोत चढल्या.

माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं इथेच आहे. क्लब टिकल्याचं श्रेय सगळे वस्तादांना देतात, आणि शिकवण्याचं श्रेय त्यांचंच आहे. पण मालकाने प्रेमाने दिलेल्या गोष्टींवर उभी राहिलेली संस्था मालक बदलला की उघड्यावर येते. जागा प्रेमाने मिळाली होती, ती गेली. मॅट पावतीवर घेतल्या होत्या, त्या राहिल्या. मॅट नसत्या तर पुढची जागा शोधायला कुणी बाहेरच पडलं नसतं. जपानात आजही बड्या कंपन्यांचे ज्युदो संघ आहेत. नोबेओकाच्या असाही कासेईसारखी कंपनी खेळाडूंना नोकरीवर ठेवून ऑलिंपिकपर्यंत नेते. आपल्याकडे ते काम रेल्वे, पोलीस आणि लष्कर करतं. तिथे संघ कंपनीचाच असतो आणि तसं सगळ्यांना ठाऊक असतं. उद्यमबागेतल्या या पोरांना कुणी ज्युदोसाठी नोकरी दिली नव्हती. त्यांचा संघ त्यांचाच होता, फक्त ते कागदावर असायला हवं होतं, आणि एका माणसाच्या हट्टामुळे ते होतं.

फिरतीवर

पहिला मुक्काम एका गणेशोत्सव मंडळाच्या हॉलमध्ये. लग्नसराईत आणि गणपतीत मॅट उचलायच्या, बाकी वर्षभर रोज अंथरायच्या आणि रोज रचून ठेवायच्या. आठ तास भट्टीजवळ काढून आलेल्या माणसाला सरावाआधी मॅट लावा आणि सरावानंतर उचला हे जड जातं. हजेरी रोडावली. याच काळात वस्ताद वारले. अंत्ययात्रेला तिन्ही भाषांचे कामगार होते, काही जण दुसरी पाळी बुडवून आलेले.

मग एका मराठी शाळेने सभागृह देऊ केलं. सीमाभागातल्या मराठी शाळांची पटसंख्या हा आपल्या सगळ्यांच्या जिवाचा विषय आहे. शाळेची अट साधी होती: भाडं नको, आमच्या मुलांना शिकवा, शाळेत ज्युदो आहे म्हटलं तर पालक आपल्याकडे वळतील. मॅट कायमच्या अंथरून ठेवायला एक बाजू मिळणार होती. करार करायला नोंदणी हवी, आणि कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदणीला किमान सात सभासद हवेत. सात माणसं होती. भांडण घटनेवर झालं. सभासद कोण? 'उद्यमबागेतला कामगार' असं लिहायचं की 'कोणीही'?

जुन्यांचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नव्हतं. कोणीही म्हटलं की डॉक्टर-वकिलांची मुलं येणार, फी वाढणार, दुसऱ्या पाळीनंतर दमून आलेल्या मोल्डरसाठी वेळ कोण ठेवणार? तरुणांचं म्हणणं, नुसत्या कामगारांवर क्लब वर्षभरही चालणार नाही. दोन बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या. शेवटी 'कोणीही' लिहिलं गेलं. सोबत एक कलम घातलं की कार्यकारिणीत किमान दोघे कारखान्यात किंवा यंत्रमागावर काम करणारे असले पाहिजेत. नोंदणी झाली.

मुली, आणि रिकामी झालेली संध्याकाळ

शाळेबरोबर मुली आल्या. ज्युदोच्या मॅटवर जगानेही त्यांना उशिरा घेतलं. पुरुषांचा ज्युदो १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आला, महिलांना पदकांसाठी १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. इथे आयांचा पहिला प्रश्न शिकवणार कोण हाच होता. जुन्या सभासदांपैकी एकाची भाची राज्याच्या क्रीडा खात्याच्या बेळगावातल्या केंद्रात खेळलेली होती. ती आठवड्यातून तीन दिवस यायला लागली आणि तो प्रश्न मिटला.

मग २०१८ साल आलं. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधवने जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशच्या ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. कुराश हा मध्य आशियातला, अंगरखा धरून खेळायचा प्रकार. त्यात जमिनीवरची झुंज नसते, पण उभ्याचे डाव ज्युदोपटूच्या ओळखीचे. मलप्रभा मूळची ज्युदोचीच. शेतकऱ्याच्या घरची, आपल्या बाजूची मुलगी आशियात पदक घेते ही बातमी उचगाव, सुळगा, हिंडलग्यात ज्या वेगाने पोचली त्याला तोड नाही. पालक मुलींना स्वतः घेऊन येऊ लागले. हा आनंद मी जवळून पाहिला आहे आणि त्याला कुठलंही 'पण' लावायची माझी इच्छा नाही.

'पण' दुसरीकडे आहे. ज्यांनी तुसाची पोती भरली त्यांच्यासाठीची वेळ हळूहळू उरली नाही. शाळा सुटल्यावर मुलांचा वर्ग, नंतर स्पर्धेच्या मुलांचा, आणि नऊला सभागृह बंद. पाळीतून येणाऱ्या माणसाला तास नाही. प्रौढांच्या जोड्या मोडल्या. आता जोडी वजन पाहून लावतात, जे तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे, पण चाळिशीच्या माणसाला रोज बोलावून आणणारा जोडीदार त्यात मिळत नाही. जुन्यांनी बैठकीत जी भीती बोलून दाखवली होती ती खरी ठरली. कलमाने कार्यकारिणीत दोन खुर्च्या राखल्या, मॅटवरची वेळ राखली नाही. घटना पुन्हा लिहायची झाली तर माझ्या मते वेळेचं कलम आधी लिहावं.

सध्या त्यावर एक तोडगा चालू आहे. रविवारी पहाटे मोठ्यांचा तास भरतो. वडगाव-खासबागेतले यंत्रमागवाले, मच्छेच्या कारखान्यांतले तरुण आणि जुन्या पाळीतले चार-पाच जण येतात. महिन्याची फी नाही, आलं त्या दिवसाचं द्यायचं, कारण ठेक्यावरच्या माणसाला पुढच्या महिन्यात काम असेलच याची खात्री नसते. या तासाला शेवटी पट घेतात.

सीमेचा पेच

शिनोळी आली की महाराष्ट्र. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची मुलं आणि चंदगड तालुक्यातल्या गावांतली मुलं बसने या क्लबात येतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. सराव एकत्र, डबा एकत्र. स्पर्धेचा अर्ज भरायची वेळ आली की रहिवासी दाखल्याप्रमाणे एकाने बेळगाव जिल्ह्यातून कर्नाटकासाठी खेळायचं, दुसऱ्याने कोल्हापूर जिल्ह्यातून महाराष्ट्रासाठी. प्रमाणपत्रावर ज्या क्लबचं नाव लागतं तिथे चंदगडच्या मुलांना तिकडच्या एखाद्या संलग्न क्लबचं नाव शोधत फिरावं लागतं, आणि दरवर्षी एखाद-दुसरं मूल त्या धावपळीत मुदत चुकवतं.

कार्यकारिणीसमोर आता प्रस्ताव आहे तो चंदगड बाजूला याच क्लबची दुसरी, महाराष्ट्रात नोंदवलेली शाखा काढायचा. शिनोळीच्या एका वर्कशॉपवाल्याने शेड देतो म्हटलं आहे. फुकट देतो म्हणाला, तेव्हा रविवारच्या तासातल्या जुन्यांनी एकमुखाने सांगितलं, नाममात्र का होईना, भाडं ठरवा आणि करार करा. कराराचा मसुदा तयार होतो आहे. त्यात पाळीतून येणाऱ्यांसाठी राखीव तास हे पहिलं कलम आहे.